'अनफिट' म्हणाले, तर कारण लेखी मागा

गेल्या वर्षी बुद्ध पौर्णिमेच्या आधीच्या रविवारी आम्ही विहारात डोळे तपासणी ठेवली होती. रांगेत पहिला नंबर एका मावशींचा होता, पण त्यांना स्वतःचे डोळे दाखवायचे नव्हते. त्यांनी पिशवीतून एक फाइल काढली आणि म्हणाल्या, "माझ्या पोराचे डोळे खराब हायेत म्हणतात. लायसन देत नाहीत. तुम्ही बघा अन् खरं काय ते सांगा."

मुलगा २३ वर्षांचा. वडील तीस वर्षे रिक्षा चालवत होते. दिवाळीनंतर त्यांना अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून उजवा हात उचलत नाही. रिक्षा दारात उभी. तिच्यावर पतसंस्थेचे कर्ज, आणि हप्ता काही थांबत नाही. मावशी दोन घरची धुणीभांडी करतात, त्यावर चूल पेटते. मुलाने लायसन्स काढायचे, मग बॅज, मग रिक्षा रस्त्यावर, एवढा सरळ हिशेब होता. वैद्यकीय दाखल्यासाठी तो डॉक्टरकडे गेला. डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांचे पुस्तक पुढे केले. ठिपक्यांत लपलेला आकडा वाचायचा असतो. पहिल्या पानावरचा त्याने वाचला, पुढच्या पानांवर त्याला नुसते ठिपकेच दिसले. डॉक्टरांनी फॉर्मवर 'कलर ब्लाइंड' लिहिले आणि खाली 'अनफिट'. खिडकीवर फाइल नेली, ती तशीच परत आली. उत्तर तोंडी: "होणार नाही. दुसरं काहीतरी बघ."

बाहेर चहाच्या टपरीवर एजंट होताच. पाच हजार द्या, दुसऱ्या डॉक्टरचा दाखला आणतो, डोळे दाखवायचीसुद्धा गरज नाही, असे त्याने सांगितले. मावशींनी बचत गटातून उचल घ्यायचे जवळजवळ ठरवले होते. आम्हाला विचारायला आल्या त्या एवढ्यासाठी, की देऊ का नको.

आम्ही नको म्हणालो. पण नुसते नको म्हणून पोट भरत नाही, हे आम्हालाही कळते. आणि कबूलही केले पाहिजे, की या पानाचे काम करणारे आम्ही पाच-सहा जण काही धुतल्या तांदळासारखे नाही. वस्तीतल्या पोरांना आम्हीच वर्षानुवर्षे सांगत आलो, की अमुक गल्लीतल्या डॉक्टरकडे जा, दोन मिनिटांत सही मिळते. ज्याची तपासणी झालीच नाही त्याला 'फिट' म्हणणे आणि ज्याची अर्धवट तपासणी झाली त्याला 'अनफिट' म्हणणे, हा एकाच दुकानातला माल आहे. पहिला आपल्याला सोयीचा म्हणून आपण गप्प राहिलो. दुसरा आपल्या दारात आला तेव्हा जागे झालो.

आता त्या मुलाच्या डोळ्यांचे. आपल्या डोळ्याच्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या पेशी असतात. त्यातल्या एका प्रकारात जन्मतः कसर असली, की लाल आणि हिरव्याच्या काही छटा एकमेकींत मिसळतात. जगाचा रंग जात नाही, सगळे काळे-पांढरे दिसते असेही नाही. पिकलेला आणि अर्धकच्चा टोमॅटो पटकन वेगळा काढता येत नाही, तपकिरी पँटला तो हिरवी म्हणतो, एवढेच. पुष्कळांना हे मोठे होईपर्यंत कळतच नाही. नजर चांगली असते, लांबचे वाचता येते, चष्मा लागत नाही, औषध लागत नाही. हा आजार वाढतही नाही.

मावशींना सर्वात जास्त जे टोचत होते ते मात्र वेगळेच होते. सासूबाई म्हणाल्या होत्या, "हे तुझ्या माहेरचं आलंय." शास्त्रापुरते ते खरे आहे, पण त्यात दोष कोणाचाच नाही. या कमतरतेचा जीन एक्स गुणसूत्रावर असतो. मुलगा हे गुणसूत्र आईकडून घेतो, म्हणून आईला स्वतःला सगळे रंग नीट दिसत असूनही मुलाला त्रास होऊ शकतो. अशा आईच्या प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता निम्मी असते. बायकांकडे अशी दोन गुणसूत्रे असतात, एक बिघडले तर दुसरे सांभाळून घेते, म्हणून बायकांत हे क्वचित आणि पुरुषांत बरेच अधिक. आम्ही विचारले, "मावशी, तुमच्या भावाला रंग ओळखता येतात का?" त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग हसायलाच लागल्या. मामाला लहानपणापासून सगळे चिडवायचे, त्याला मेंदी आणि कुंकू एकाच रंगाचे दिसते म्हणून. मामा गावाकडे वीस वर्षे टेम्पो चालवतो आहे.

मामा टेम्पो कसा चालवतो? सिग्नलचा लाल दिवा वर असतो, हिरवा खाली. रंग फिका वाटला तरी कोणता दिवा पेटला आहे ते दिसते. ब्रेक लाइट पेटला की उजेड वाढतो, तोही दिसतो. तज्ज्ञ डॉक्टरांचे मत घेऊन केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने जून २०२० मध्ये नियम बदलला. सौम्य आणि मध्यम प्रकारची रंगांधता असलेल्या माणसाला आता लायसन्स मिळू शकते. अडवायचे ते फक्त तीव्र किंवा पूर्ण रंगांधता असेल तर. फॉर्म १ आणि फॉर्म १-ए या दोन्ही कागदांतला प्रश्नच त्यासाठी बदलला गेला. आमच्या मुलाच्या हातातला फॉर्म मात्र जुन्या छापाचा होता, आणि डॉक्टरांनी प्रकार लिहिलाच नव्हता. सौम्य की मध्यम की तीव्र, हा एक शब्द नसल्यामुळे एका घराची रिक्षा दारात सडत होती.

हे फॉर्म काय असतात तेही थोडक्यात. फॉर्म १ म्हणजे आपणच आपल्या तब्येतीबद्दल लिहून द्यायचे. फॉर्म १-ए म्हणजे डॉक्टरांचा दाखला. प्रवासी किंवा मालवाहू गाडी चालवायची असेल, किंवा वय चाळिशीपुढे गेले असेल, तर हा दुसरा लागतो. त्यात मिरगी किंवा चक्कर येते का, हातापायांत ताकद आहे का, रातांधळेपणा आहे का, ऐकू येते का, असे विचारलेले असते. नजरेची कसोटी तर अगदी साधी आहे: दिवसाच्या चांगल्या उजेडात २५ मीटरवरच्या गाडीची नंबरप्लेट वाचता आली पाहिजे. चष्मा असेल तर चष्मा लावून. आम्ही विहारासमोरच्या गल्लीत टेपने २५ मीटर मोजले, म्हणजे सुमारे ८२ फूट, आणि तिथे एक मोटारसायकल उभी केली. त्या रविवारी गाडी चालवणारे एकोणीस जण उभे राहिले. सहा जणांना नंबर वाचता आला नाही. त्यातले दोघे रोज शाळेची पोरे ने-आण करतात. सहाही जणांकडे डॉक्टरांचा 'फिट' दाखला होता. पाच जणांचे चष्म्याने भागले. सहाव्या काकांना मोतीबिंदू निघाला, त्यांचे ऑपरेशन सरकारी दवाखान्यात झाले आणि ते पुन्हा गाडीवर आहेत. खोट्या दाखल्याने त्यांना लायसन्स दिले होते, नजर दिली नव्हती.

म्हणून आमचे म्हणणे असे आहे. तपासणी झालीच पाहिजे, आणि नीट झाली पाहिजे. तपासणीत आपण खरोखर अपात्र ठरलो तर ते मानले पाहिजे. पण अपात्र कशामुळे, हे सांगायला खिडकीवरचा माणूस बांधील आहे. ती मेहरबानी नाही, कायदा आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या कलम ८ मध्ये लिहिले आहे, की ज्या आजारामुळे किंवा अपंगत्वामुळे त्या माणसाने त्या प्रकारची गाडी चालवणे लोकांना किंवा प्रवाशांना धोक्याचे ठरण्याचा संभव आहे, त्या कारणाने लर्निंग लायसन्स नाकारावे. शब्द नीट बघा. आजार आहे का, एवढाच प्रश्न नाही. त्या आजाराने धोका होतो का, हा प्रश्न आहे. त्याच कलमात पुढे अशीही सोय आहे, की माणसाच्या गरजेप्रमाणे बदल केलेली गाडी तो नीट चालवू शकत असेल तर तेवढ्यापुरते लायसन्स देता येते. पाय अधू असलेल्या आपल्या कितीतरी भावांच्या चार चाकांच्या स्कूटर याच सोयीवर चालतात.

आणि कलम १७. हे तर प्रत्येक ड्रायव्हरने पाठ करावे. लायसन्स नाकारायचे, नूतनीकरण नाकारायचे किंवा असलेले काढून घ्यायचे असेल, तर अधिकाऱ्याने तसा आदेश काढायचा, त्यात कारणे लेखी द्यायची आणि तो अर्जदाराला कळवायचा. आदेश हातात पडल्यापासून ३० दिवसांत वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येते. अपिलात दोन्ही बाजूंना बोलायची संधी द्यावी लागते, आणि अपिलाचा निकाल खालच्या कार्यालयावर बंधनकारक असतो.

"होणार नाही, दुसरं काहीतरी बघ" हा आदेश नव्हे. त्याविरुद्ध अपीलही करता येत नाही, कारण कागदच नाही. आपली बहुतेक माणसे इथेच संपतात. खिडकीवरून परत येतात ती थेट एजंटकडे, नाहीतर घरी. खिडकीमागच्या माणसालाही हे ठाऊक असते.

तेव्हा त्या मुलाने आमच्या सांगण्यावरून साध्या कागदावर अर्ज लिहिला. अमुक तारखेला मी अर्ज केला, मला तोंडी नकार दिला, कलम १७ प्रमाणे मला कारणांसह लेखी आदेश द्यावा. दोन प्रती केल्या, एकीवर शिक्का आणि तारीख घालून पोच मागितली. पहिल्या दिवशी कोणी पोच दिली नाही. दुसऱ्या दिवशी आमच्यातल्या दोन ताई बरोबर गेल्या, तेव्हा दिली. अकराव्या दिवशी पोस्टाने आदेश आला: 'वैद्यकीयदृष्ट्या अपात्र'. एवढेच दोन शब्द. पण आता कागद होता.

दरम्यान त्याला आम्ही सरकारी मेडिकल कॉलेजच्या नेत्र विभागात पाठवले. ठिपक्यांचे पुस्तक ही चाळणी आहे. दोष आहे की नाही ते ती सांगते, पण किती आहे ते तिच्यावरून नीट ठरत नाही. त्यासाठी रंगीत टिकल्या क्रमाने लावायची आणि आणखी एक-दोन वेगळ्या चाचण्या असतात. काही पोरे ते पुस्तकच पाठ करून जातात, कोणत्या पानावर कोणता आकडा ते. त्या पोरांच्या हुशारीचे कौतुक वाटते, पण आम्ही तसे करू नका असेच सांगू. खरा प्रकार कळला तरच लढता येते. आमच्या मुलाचा अहवाल आला: लाल-हिरवी रंगांधता, मध्यम. नजर दोन्ही डोळ्यांनी उत्तम.

अपिलाचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या वकील बाईंनी लिहून दिला, एक पैसा न घेता. इथे जरा थांबून सांगतो, कारण हे आपल्या घरोघरी माहीत हवे. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणे अनुसूचित जातीच्या माणसाला मोफत वकील मिळतो, आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. महिलांना आणि अपंगांनाही तसाच. बौद्ध झालो म्हणजे सवलत गेली, असे अजूनही काही जण समजतात. १९९० मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन बौद्धांचा अनुसूचित जातींत समावेश झाला आहे. जातीचा दाखला घेऊन जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा कार्यालयात जायचे, तिथे साधा अर्ज भरायचा. कार्यालय कुठे आहे कळत नसेल तर १५१०० या नंबरावर फोन करून विचारता येते. वकिलाची फी भरायला नको, कोर्ट फीही भरायला नको. आपल्या वस्तीत जमिनीच्या आणि नवरा-बायकोच्या भांडणासाठी लोक तिथे जातात. लायसन्ससाठी जाता येते, हे आम्हालाही आधी सुचले नव्हते.

अपिलाला दोन तारखा पडल्या. पहिल्या तारखेला साहेब रजेवर. दुसऱ्या तारखेला वकील बाईंनी दोन कागद पुढे ठेवले, मेडिकल कॉलेजचा अहवाल आणि २०२० च्या नियमबदलाची प्रत. दहा मिनिटांत आटोपले. नवीन दाखला दाखल करून घ्यावा आणि अर्ज पुन्हा विचारात घ्यावा, असा आदेश झाला. नवीन छापाच्या फॉर्मवर 'मध्यम' हा शब्द लिहून दाखला गेला, लर्निंग लायसन्स मिळाले, पुढची चाचणीही तो पास झाला. सगळे मिळून साडेचार महिने लागले. तेवढ्या काळात पतसंस्थेचे तीन हप्ते थकले आणि त्यावर दंड लागला. एजंटने हे आठ दिवसांत केले असते, हे आम्ही लपवत नाही. पण खोटे सांगून मिळवलेले लायसन्स त्याच कायद्याच्या कलम १९ खाली काढून घेता येते. आणि उद्या अपघात झाला, कागद तपासले गेले, तर विमा कंपनी भरपाईचे पैसे वसूल करायला रिक्षामालकाच्या दारात येऊ शकते. रिक्षामालक म्हणजे तेच घर.

सगळ्यांचे असे अपिलातच भागत नाही. वस्तीतल्या आमच्या एका ताईला जन्मापासून ऐकू येत नाही. पॅकिंगच्या कारखान्यात काम करते, पाळी सुटते रात्री दहाला, बस मिळत नाही. स्वतःच्या पैशाने स्कूटर घेतली. लर्निंग लायसन्सच्या खिडकीवर तिला सांगितले, की हॉर्न ऐकू येणार नाही, आम्ही जबाबदारी घेणार नाही. तिने मागून लेखी आदेश मिळवला, अपील केले, ते फेटाळले गेले.

तिच्यासारख्यांचा प्रश्न कोर्टात एकदा सुटलेला आहे. कर्णबधिरांच्या राष्ट्रीय संघटनेने दिल्ली उच्च न्यायालयात याचिका केली होती. १४ फेब्रुवारी २०११ रोजी निकाल लागला. न्यायालयाने म्हटले, की प्रवासी किंवा मालवाहू नसलेल्या गाडीसाठी पूर्ण कर्णबधिर माणसाने अर्ज केला तर त्याला चाचणीला बोलवावे लागेल, आणि तो चाचणी पास झाला तर त्याला लायसन्स द्यावे लागेल. म्हणजे कान बघून दार लावायचे नाही, गाडी चालवून बघायची. २०१६ मध्ये केंद्राच्या मंत्रालयानेही राज्यांना कळवले, की गाडी चालवणे हे मुख्यतः नजरेचे काम आहे आणि ऐकू येत नाही एवढ्यावरून लायसन्स अडवू नये. गाडीच्या काचा वर करून, गाणी मोठ्याने लावून चालणाऱ्या साहेबालाही हॉर्न ऐकू येत नसतो, त्याचे लायसन्स कोणी मागत नाही.

दिल्लीचा निकाल महाराष्ट्रातल्या कार्यालयाला दाखवला की उत्तर मिळते, तो दिल्लीचा आहे. एका उच्च न्यायालयाचा निकाल दुसऱ्या उच्च न्यायालयाला बांधत नाही, हे खरे. पण कायदा केंद्राचा आहे, शब्द तेच आहेत, म्हणून त्या निकालाला इथेही वजन आहे. ते वजन टाकायची जागा म्हणजे आपले उच्च न्यायालय. संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली तिथे याचिका करता येते. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचे सर्किट बेंचही आहे, म्हणजे सगळ्यांनी मुंबईलाच जायला हवे असेही नाही. सर्वोच्च न्यायालयात थेट दाद मागायचा अनुच्छेद ३२ हा बाबासाहेबांनी संविधान सभेत ९ डिसेंबर १९४८ रोजी संविधानाचा आत्मा म्हणून सांगितला होता. आपण ते वाक्य जयंतीच्या फलकावर लावतो. २२६ हे त्याच वाटेचे, आपल्याला जवळचे दार आहे.

कोर्टात गेल्यावर काय होते, याबद्दल मात्र भ्रम नको. न्यायाधीश आपला डोळा किंवा कान तपासत नाहीत. ते बघतात, अधिकाऱ्याने कारण दिले का, आपले म्हणणे ऐकले का, नियमात जे नाही ते कारण लावले का. फार तर पुन्हा तपासणी करा, मेडिकल बोर्डाकडे पाठवा, असे सांगतील. आणि पहिला प्रश्न विचारतील, आधी अपील केले होते का? म्हणून ३० दिवसांची मुदत चुकवायची नाही. आपली बाजू कागदांवर उभी असते: मूळ अर्ज, पोच, आदेश, तज्ज्ञ डॉक्टरांचा अहवाल, अपिलाचा निकाल. एक कागद नाही म्हणजे एक पाय नाही. तारखांना दिवस जातो, दिवसाचा रोज बुडतो, हेही घरात आधी बोलून घ्यावे.

नोकरीतल्या ड्रायव्हरांसाठी आणखी एक निकाल माहीत असावा. तेलंगणाच्या एसटी महामंडळाने एका ड्रायव्हरला रंगांधता निघाली म्हणून घरी पाठवले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की त्याला दुसरे काम द्यायला हवे होते, ते शोधण्याचा खरा प्रयत्नच महामंडळाने केला नाही, म्हणून आता द्या. गाडी चालवायला नको ठरला, तरी माणूस टाकून द्यायचा नाही.

आता कटू बोलायचे ते बोलतो. मागच्याच गल्लीतला एक तरुण मिरगीच्या गोळ्या घेतो. चार वर्षांत झटका आलेला नाही. टेम्पोवर नोकरी लागते आहे, फॉर्मवर 'मिरगी नाही' लिहू का, असे विचारायला आला. आम्ही नाही म्हणालो, आणि तो आमच्याशी अजून बोलत नाही. आमच्या फॉर्ममध्ये मिरगी आहे की नाही एवढेच विचारतात, किती वर्षे झटका आला नाही याला रकानाच नाही. इंग्लंडमध्ये वर्षभर झटका नसेल तर स्वतःची मोटार चालवता येते. मोठ्या ट्रकसाठी मात्र तिथेही दहा वर्षे झटका नको, आणि तोही गोळ्यांशिवाय. म्हणजे मोटारीचा आणि ट्रकचा धोका एक नाही, हे तिथल्या नियमाला कळते. आपला नियम बदलावा असे आम्हाला वाटते, त्यासाठी कोणी कोर्टात गेले तर आम्ही बरोबर राहू. पण भरलेल्या टेम्पोवर झटका आला तर रस्त्याकडेला झोपलेले कोण असते? आपलीच माणसे असतात. म्हणून तोवर लपवू नका. आणि फॉर्मसाठी कोणी गोळ्या बंद करू नका. गोळी अचानक सोडली की झटका येण्याचा धोका वाढतो. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्या काकांनीही उपाशीपोटी पहाटेची पाळी धरू नये, साखर उतरली की चक्कर चाकावरच येते. गाडीत गूळ किंवा बिस्किटे ठेवा.

एक डोळा गमावलेल्यांनी फॉर्म १ पुरता वाचावा. पाच वर्षे लायसन्स होते आणि त्यानंतर एका डोळ्याची नजर गेली, गाडी हलकी आणि घरगुती आहे, स्टिअरिंगच्या बाजूला बाहेरचा आरसा आहे, तर एका डोळ्याने २५ मीटरवरची प्लेट वाचणे त्यात चालते. हे आम्ही आमच्याच एका काकांना उशिरा सांगितले. तोवर त्यांनी गाडी विकून टाकली होती.

रिक्षावाल्या मुलाचा बॅज गेल्या महिन्यात झाला. मावशींनी विहारात पेढे वाटले, सासूबाईही आल्या होत्या. ऐकू न येणाऱ्या ताईची याचिका विधी सेवा समितीच्या वकिलांनी तयार केली आहे. तिच्यासाठी खुणांची भाषा जाणणारे कोणीतरी तारखेला बरोबर हवे. आपल्या ओळखीत असे कोणी असेल तर विहारात निरोप ठेवा. गल्लीतली २५ मीटरची चुन्याची रेघ पावसात पुसली आहे, ती पुढच्या रविवारी सकाळी नऊला पुन्हा मारू. गाडी चालवणाऱ्यांनी लायसन्स आणि चष्मा घेऊन यावे, आणि ज्यांच्याकडे नाकारल्याचा काही कागद असेल त्यांनी तोही आणावा.